लोट्याची फेरी

आमच्या धर्मविद्यापीठात सकाळची प्रार्थना संपली की शेजारच्या माणसाचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणायची रीत होती. समोरच्यानं 'आपणासही' म्हणायचं, जरासं हसायचं, की झाली सकाळ. आमचे सर मात्र हात द्यायचे, चांगला दाबायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." प्राचार्यांना अजून नाही, लायब्ररीतल्या बाईंना अजून नाही, नाताळात परदेशातून आलेल्या पाहुण्यांनाही अजून नाही. पाहुण्यांना कोणीतरी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते फार खूश झाले. त्यांना वाटलं, ही इथली काही जुनी प्रार्थना असावी. प्राचार्यांच्या मात्र डोक्यात गेलं. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, मग कधी? सर म्हणाले, आली का सांगतो ना साहेब, तुमाले पयले सांगतो.

हे सर आम्हाला 'शांती आणि न्याय' हा विषय शिकवायचे. हसू नका. असा विषय होता, त्याची एका वर्षाची पदविका होती, आणि यवतमाळच्या बाहेर कडुनिंबांच्या मागं मिशनचं एक विद्यापीठ होतं, तिथं ती मिळायची. तो काळच तसा होता. आमच्या जिल्ह्यात कापसाचं नाव काढलं की माणसं खाली बघायची. पेपर उघडला की कोणत्या ना कोणत्या गावचं कोणीतरी गेलेलं असायचं. मंत्री येत, पथकं येत, कॅमेरेवाले येत आणि रडणाऱ्या बाईला जरा उजेडात बसायला सांगत. माणसं मरत होती आणि अभ्यासक्रम उघडत होते. आमचा त्यातलाच एक.

मी तिथं काही ध्येयबिय घेऊन गेले नव्हते. बीएडला नंबर लागला नाही आणि इथलं वसतिगृह फुकट होतं, एवढंच. आमच्या तांड्यावर कोणालाच धड सांगता येईना मी काय शिकते ते. माझी याडी, आम्ही आईला याडी म्हणतो, तिनं विचारलं की हे शिकून करतात काय? मी म्हटलं, लोकांची भांडणं मिटवतात. ती म्हणाली, ते तर आपला नायक ओट्यावर बसून करतो, त्याला कुठं वसतिगृह लागलं? सरांना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. वर म्हणाले, तुमच्या मायले आणा एक दिवस वर्गावर, मी खाली बसतो.

खाली बसतो हे ते उगाच म्हणत नसत. सर मूळचे वणीकडचे, राजूरचे. वडील कोळशाच्या खाणीत होते. उंचावर बसलेल्या माणसाचा त्यांना जन्मजात राग. विद्यापीठानं वर्गात मास्तरसाठी एक उंच खुर्ची ठेवली होती. सरांनी सुताराला बोलावून तिचे पाय कापून घेतले, आमच्या बाकांच्या उंचीला येतील एवढे. टेबल मात्र कापायचं राहिलं. मग सर होते तोवर आम्हाला टेबलामागं सरांचं फक्त कपाळ, चष्मा आणि त्यांना शिकवायला चेव चढला की वर येणारा एक हात, एवढंच दिसायचं. विद्यापीठानं खुर्चीचे पैसे पगारातून कापले. सर म्हणाले, पाय कापले म्हणून पैसे कापले, बरोबर हाय, हा न्याय झाला, आता शांतीचं पाहू.

खाणं साधं, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पोटात अल्सर होता, त्यामुळे बशीत गरम पाणी ओतून फुंकर मारून प्यायचे. कोणाच्या घरी गेले की त्या घरच्या बाईची पंचाईत व्हायची, कारण पाहुण्याला नुसतं पाणी उकळून द्यायचं म्हणजे आपल्या घरी साखर नाही असं दिसतं. सर तिला समजावत बसायचे.

त्यांची तोंडी परीक्षा अख्ख्या विद्यापीठात बदनाम होती. प्रश्न एकच. सध्या तुमचं कोणाशी भांडण चालू हाय? उमरखेडची एक गोड बोलणारी मुलगी होती आमच्यात, तिनं सांगितलं, सर, माझं कोणाशीच भांडण नाही. तिला सगळ्यात कमी मार्क. ती रडत प्राचार्यांकडं गेली. सरांना बोलावणं आलं. ते म्हणाले, ज्या जिल्ह्यात एवढं चालू हाय तिथं हिचं कोणाशीच भांडण नाही, मंग ही राह्यते कुठं? मला चांगले मार्क मिळाले. माझी त्या वेळी सहा-सात तरी भांडणं चालू होती.

आणि प्रात्यक्षिक म्हणजे दारव्ह्याचा आठवडी बाजार. काळी-पिवळी जीपमध्ये आम्हाला कोंबून सर बाजाराच्या दिवशी तिकडं न्यायचे आणि भांडणं पाहायला लावायचे. मध्ये पडायचं नाही, बाजू घ्यायची नाही, नुसतं उभं राहून बघायचं. भाजीवाली आणि गिऱ्हाईक, हमाल आणि गाडीवान, दोन साडू. परतताना जीपमध्ये विचारायचे, आवाज आधी कोणाचा खाली आला? आम्ही सांगायचो. मग म्हणायचे, त्याचं चुकलं होतं म्हणून आला का? आम्ही म्हणायचो, हो. "नाही बाप्पा," सर म्हणायचे, "त्याले उद्या त्याच्याचकडं कामाले जाणं हाय. म्हणून आला. आवाज खाली आला म्हणजे भांडण मिटलं असं कधी समजू नका." त्यांचं शिकवलेलं मी पुष्कळ विसरले, हे एवढं विसरले नाही.

आता त्या लोट्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्या लोट्यापायी झालं.

सरांची भांडण मिटवायची एक पद्धत होती. त्यांनी ती खाणीतून उचलली होती. त्यांचे वडील सांगत की सुट्टीत सगळ्या पाळीला मिळून पाण्याचा एकच डबा असायचा. ज्याच्या हातात डबा त्याच्याकडं सगळे बघत, कारण सगळ्यांना तहान. मग तो जे बोलेल ते आपोआप ऐकलं जायचं. सरांनी डब्याचा लोटा केला. गोल करून बसायचं, सगळ्यांनी जमिनीवर. ज्याच्या हातात लोटा त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. बोलून झालं की लोट्याला तोंड लावून एक घोट प्यायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. वरून ओतून प्यायचं नाही, तोंड लावूनच. आणि फेरी एकच. लोटा फिरून आला की बैठक संपली. ज्याला बोलायचं नसेल त्यानं गप्प राहून घोट घेतला तरी चालेल. गप्प राहणं हेही बोलणंच हाय, त्याचाही मान ठेवा, असं सर शिकवायचे.

आमच्या वर्गात ख्रिस्ती होते, दीक्षा घेतलेल्या घरांतले बौद्ध होते, झरीकडचा एक कोलाम आदिवासी मुलगा होता, मी तांड्यावरची, आणि यवतमाळातल्या जुन्या पेठेतली दोघं होती. पहिल्या आठवड्यात लोटा फिरताना काहींचे ओठ लोट्याला लागायचेच नाहीत, नुसतं तोंड जवळ नेल्यासारखं करायचे. सरांना सगळं दिसायचं. ते काही बोलायचे नाहीत. दिवाळीपर्यंत सगळे तोंड लावून पिऊ लागले आणि सगळ्यांना एकदमच सर्दी झाली. सरांना त्या सर्दीचा कोण आनंद! प्राचार्यांना जाऊन सांगून आले.

मिलिंद म्हणून आमच्यात एक मुलगा होता. दारव्ह्याकडच्याच एका गावचा, गावाचं नाव मी सांगत नाही. त्याची मावशी त्या गावात राहायची, वच्छलाबाई. तिचा नवरा देवानंद फवारणीच्या मजुरीनं जायचा. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळं पंपातून उडालेलं औषध परत फवारणाऱ्याच्याच तोंडावर यायचं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, नानाजींच्या वावरात तो फवारत होता. दुपारी म्हणाला, डोकं गरगरतं, डोळ्यापुढं अंधारी येते, घरी जाऊ द्या. नानाजी म्हणाले, तेवढ्या तासा उरकून घे. त्यानं उरलेल्या ओळी उरकल्या. संध्याकाळी गाडीत घालून यवतमाळला नेलं, पण तो घरी परत आला नाही.

आणि नानाजींनी गावात सांगितलं की तो पिऊन आला होता. पोटात दारू होती म्हणून औषध भिनलं, नाही तर बाकीच्या दोघांना काहून नाही झालं? पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. गावानंही तेच धरलं. गावाला तसं बरंच पडतं. दारूनं मेला म्हटलं की उद्या आपल्या वावरात कोणाला पंप देताना हात कापत नाही.

देवानंद पीत नव्हता. घरात रोज संध्याकाळी वंदना म्हणणारा, पाचवं शील, दारू न पिण्याचं, म्हणताना पोरीचा हात धरून तिच्याकडून म्हणवून घेणारा माणूस. त्या पोरीला आता शाळेत दारुड्याची पोरगी म्हणू लागले होते. वच्छलाबाईला सरकारकडून काय मिळेल, काय नाही, याचं तिला काही नव्हतं असं नाही, पण ते ती बोलायची नाही. ती एकच म्हणायची. ज्यानं सांगितलं का तो पेलेला होता, त्यानंच चार लोकांत सांगावं का तो पेलेला नव्हता. बस.

मिलिंदनं हे वर्गात सांगितलं. लोटा त्याच्या हातात होता आणि तो पुढं देईचना. सर त्या दिवशी काही शिकवू शकले नाहीत.

मग सरांनी त्या गावाला खेटे घालायला सुरुवात केली. नानाजींच्या ओसरीवर जाऊन बसायचे. नानाजी आधी भेटत नसत, मग भेटू लागले, मग सरांसाठी गरम पाण्याची बशी आपणहून यायला लागली. माणूस काही राक्षस नव्हता. देवानंदच्या पोरीला वह्या-पुस्तकं पाठवली होती म्हणे त्यानं, वच्छलाबाईनं परत केली. सर त्याला एवढंच म्हणायचे की एकदा बैठकीला या, गोलात बसा. शेवटी तो हो म्हणाला. त्या दिवशी सर वसतिगृहाच्या फाटकातून सायकल हातात धरून पळत आले, चालवायचं सुचलंच नाही त्यांना.

प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पाहुणे बोलावले. आमच्या विषयाला ज्या देशातून मदत येई तिकडचे. सर म्हणाले, साहेब, हे काही लग्न नाही. प्राचार्य म्हणाले, असं काम लोकांनी पाहिलं पाहिजे. सरांनी वाद घातला, पण नानाजी पाहुणे येणार म्हणून उलट खूशच झाले. मोठ्या माणसांसमोर बसायचं तर बसू म्हणाले.

बैठक गावच्या शाळेच्या पटांगणात झाली, भर दुपारी. सतरंज्या टाकल्या होत्या. गाव लोटलं होतं. सरांनी बसायचा क्रम स्वतः लावला. आधी आम्ही काही मुलं, मग सरपंच, मग देवानंदबरोबर त्या दिवशी फवारायला असलेले दोघं मजूर, मग वच्छलाबाई आणि तिच्या लगेच पलीकडं, सगळ्यात शेवटी, नानाजी. सरांनी हे मुद्दाम केलं होतं. तिनं विचारल्यावर लोटा थेट नानाजींच्या हातात जाईल, मध्ये कोणी पडणार नाही, आणि त्यांना उत्तर द्यावंच लागेल. क्रम लावून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली होती.

लोटा फिरत गेला. सरपंच एकोप्यावर बोलला. दोघं मजूर काहीच बोलले नाहीत, घोट घेतला आणि पुढं दिला. ते नानाजींकडंच कामाला होते. वच्छलाबाईच्या हातात लोटा आला तेव्हा पटांगणात कावळासुद्धा ओरडत नव्हता. तिनं पदर सारखा केला. ती नानाजींकडं न बघता लोट्यातल्या पाण्याकडं बघून बोलली.

"मले कोनाचं काही नको. पोरीचे बाबा पेलेले नव्हते, एवढं यायनं सांगावं. अजून काही नाई."

तिनं घोट घेतला आणि लोटा नानाजींपुढं धरला.

त्या गावात तिच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी नानाजींच्या घरातल्या कोणी प्यालेलं नव्हतं. कधीच नाही. चहाच्या टपरीवर प्लास्टिकचे कप आले त्याला फार दिवस झाले नव्हते. सगळं गाव त्या लोट्याकडं बघत होतं. सरपंचाचं तोंड उघडं राहिलं होतं. नानाजींनी दोन्ही हात पुढं करून लोटा घेतला. थोडा वेळ तसाच धरला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो मी पाहिला, ते नाटक नव्हतं. मग त्यांनी लोट्याला तोंड लावलं, जिथं तिनं लावलं होतं तिथंच, आणि एक घोट नाही, सगळं पाणी संपवलं. लोटा खाली ठेवला. वच्छलाबाईला हात जोडले.

बोलले मात्र काहीच नाहीत.

आधी एक म्हातारा उठून टाळ्या वाजवायला लागला, मग सगळं पटांगण. आमच्यातल्या कितींच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. उमरखेडवाली तर हमसून रडत होती. पाहुण्यांपैकी एक बाई सरांच्या गळ्यातच पडली. प्राचार्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली. कोणीतरी हार आणले, नानाजींच्या गळ्यात घातले, सरांच्या घातले, मग आठवण आल्यावर वच्छलाबाईच्याही घातला. ती हार घालून तिथंच बसून राहिली होती. ती अजून नानाजींच्या तोंडाकडं बघत होती, आता बोलतील म्हणून.

मिलिंद सरांजवळ जाऊन म्हणाला, सर, ते बोललेच नाहीत. सर काय बोलणार? गप्प राहणं हेही बोलणंच हाय, हे कोणी शिकवलं होतं? फेरी एकच, हे कोणी ठरवलं होतं? सगळं नियमानं झालं होतं. लोटा रिकामा पडला होता आणि त्यात पुन्हा पाणी भरून आणा म्हणायची हिंमत त्या टाळ्यांत कोणाची होणार होती? सरांचा चेहरा मला आठवतो. हारातली झेंडूची फुलं ते एकेक करून तोडत होते, खाली टाकत होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

सर दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेले. नानाजींनी आदरानं बसवलं. सर म्हणाले, तुम्ही उत्तर देल्लं नाही. तेव्हा नानाजी जे बोलले ते सरांनी आम्हाला वर्गात जसंच्या तसं सांगितलं. म्हणाले, "सर, तुमच्याच नियमानं झालं ना? अन् ते पानी सोपं होतं का मले? माहा बाप कालपासून माह्याशी बोलून नाई राह्यला. अजून काय पायजे त्या बाईले?"

हे खोटं नव्हतं. म्हणूनच तर त्याचं काही करता येईना. मागितलं होतं एक वाक्य. दिलं त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी, निदान गावाला ते मोठं वाटलं, आणि त्या मोठ्याखाली ते वाक्य गाडून टाकलं. मला त्या माणसाचा राग आला. अजून येतो. पण आमच्या त्या लोट्याचाही येतो, आणि तो जास्त येतो.

त्या बैठकीच्या आधी ते दोघं मजूर वच्छलाबाईला आतून कबूल होते. देवानंद शुद्धीत होता, घरी जाऊ द्या म्हणाला होता, हे आम्ही सांगू, पण जरा थांब, असं म्हणत होते. बैठकीनंतर ती त्यांच्याकडं गेली तर एकानं दारातूनच सांगितलं, "वच्छला, त्यानं भर सभेत तुह्या हातचं पानी पेलं. आता कायले जुनं उकरतं?" हेच वाक्य तिला पुढं सगळीकडं ऐकावं लागलं. पिठाच्या गिरणीवर, आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईच्या घरी, पार तालुक्याच्या ठाण्यात. त्यानं तुझ्या हातचं पाणी पेलं. तिच्या वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा म्हणू लागली की आपल्या बापजाद्यांना जे मिळालं नाही ते तुला मिळालं, आता जास्त ताणू नको. ती ज्याच्याकडं जाईल तिथं पाणी तिच्याआधी पोचलेलं असायचं.

विद्यापीठात मात्र दिवाळी. नानाजी लोटा पितानाचा फोटो मोठा करून प्रवेशद्वाराशी लावला. सरांना शाल-श्रीफळ. सर उठले, शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, हा फोटो काढा, या फोटोत एक बाई हाय, तिला विचारलं का तुम्ही? प्राचार्य हसले. सर विनय दाखवतात असं त्यांना वाटलं. फोटो राहिला. सर गेले. वर्ष संपायच्या आधीच नोकरी सोडून गेले. आमची वार्षिक परीक्षा दुसऱ्यांनीच घेतली. त्यात भांडणाचा प्रश्न नव्हता. शांतीच्या व्याख्या होत्या.

मी पुढं बीएड केलं आणि उमरखेडकडं एका आश्रमशाळेत लागले. सर कुठं गेले ते बरेच दिवस कळलं नाही. मग मिलिंदनं फोन करून सांगितलं की ते त्याच्याच गावात राहतात, वच्छलाबाईच्या वस्तीच्या टोकाला एक खोली घेऊन. आणि दर बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला जातात.

मी सुट्टीत गेले तेव्हा ते मला बाजारातच दिसले, जीपा उभ्या राहतात तिथं. फार वाळले होते. हात थरथरत होते. तो कंपवात होता, यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. चालताना तोल जायचा, जीभ जड झाली होती. जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत आणि सांगत की अमक्या गावचा देवानंद फवारणीनं मेला, तो पेलेला नव्हता. एवढंच. लोक हात सोडवून घेत, हसत, कोणी हातावर रुपया ठेवत. मी म्हटलं, सर, चला, बसू कुठंतरी. ते म्हणाले, थांबा, ही जीप भरू द्या.

जीप गेल्यावर आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मी चिडले होते. म्हटलं, सर, याचा काय उपयोग? कोण ऐकतं? त्यांना बोलायला वेळ लागायचा. शब्द आधी ओठात जमवायचे आणि मग सोडायचे. ते म्हणाले की माणूस घरी जाऊन सांगते ना, बाजारात एक येडा होता म्हणून. घरचे विचारतात, येडा काय म्हणे? मंग त्याले सांगाच लागते. असा त्यांचा हिशोब होता. मग म्हणाले, "एकदा मीच सगळ्यायले गप्प केलं, बाई. आता मलेच बोलत राह्यलं पायजे." मी त्यांना जीपपर्यंत हात धरून नेलं. ड्रायव्हरनं त्यांना पुढं बसवून घेतलं आणि मला डोळा मारून म्हणाला, आज सकाळपासूनच घ्यायले लागले वाटते. मी त्याला झाडलं चांगलंच. त्यानं सॉरी म्हटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सर गेले. मिलिंद तोवर पुण्याला नोकरीला लागला होता, त्यालाही उशिरा कळलं, मला त्याहून उशिरा. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. विद्यापीठातून एक फुलांचं चक्र आलं होतं म्हणे, 'शांतिदूत' असं लिहिलेलं. मी फाट्यावर उतरले आणि पानठेल्यावरच्या माणसाला सरांची खोली विचारली.

तो म्हणाला, कोन, ते दारूवाले सर?

मी म्हटलं, ते दारू पीत नव्हते. चहासुद्धा पीत नव्हते. त्यांना आजार होता, हात थरथरायचे तो आजार होता. माझा आवाज चढला होता. दोन-चार माणसं जमली. तो पानठेल्यावाला काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला समजावल्यासारखं म्हणाला, "असंन बाई. मानूस भल्ला चांगला होता पन." आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या. हे कोणी मुद्दाम पसरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान जाऊन त्याच्याशी भांडता आलं असतं. पण नानाजी तर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. गावाला जे दिसलं ते गावानं म्हटलं होतं. झोकांड्या जातात, जीभ अडखळते, बाजारात उभा राहून तेच तेच बोलतो, मग दुसरं काय?

वच्छलाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस सगळे पिकले होते. मला ओळखलं. मी तिच्याजवळ बसले आणि शेंगा सोलू लागले. मग मी तिला सांगितलं की फाट्यावर लोक सरांना असं असं म्हणतात.

ती म्हणाली, मले मालूम हाय. सर होते तवापासून म्हनतात. मी बी आता बाजाराले जातो, सर उभे राहत तिथं उभी राह्यतो. पन लोक म्हनतात, दारुड्याची साक्ष दारुड्यानं देल्ली, आता त्याची बायको देते.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता त्यांना?

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

"पयले पोरीच्या बाबाचंच सांगाव लागे. आता आधी सरायचं सांगाव लागते, का ते पेत नव्हते. मंग पोरीच्या बाबाचं. तेवढा वेळ कोन उभं राह्यते, बाई?"